भासऱ्यांच्या गाडीचा टप

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. पुण्याकडच्या बायका त्यांनाही दीर म्हणून मोकळ्या होतात. आमच्याकडे दीर वेगळा आणि भासरे वेगळे. दिराची थट्टा करता येते. भासऱ्यांसमोर मात्र डोक्यावरून पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी बोलायचं नाही. भांडण असतं म्हणून नव्हे, बोलायचंच नसतं. काही सांगायचं झालं तर मध्ये माणूस लागतं, आणि आमच्या घरात ते माणूस म्हणजे माझी जाऊ, त्यांची बायको. ते खाटेवर बसलेले असतात, मी दारात उभी असते, आणि मी जावेला म्हणते, "त्यायले म्हना, मोटर बंद पडली." ते त्यांना चांगलं ऐकू जातं. तरी जाऊ त्यांच्याकडे वळून म्हणते, "मोटर बंद पडली म्हणते." मग ते तिला म्हणतात, "तिले सांग, लाइन गेली असन." लग्न होऊन धाड गावी आले तेव्हापासून हे असंच चालू आहे. गावातल्या सुना आता सासऱ्यांना मोबाइलवर फुलांची चित्रं पाठवतात, आमच्या घरात मात्र अजून मधल्या माणसाशिवाय पान हलत नाही. भासऱ्यांना काय म्हणून हाक मारायची, हे मला कधी ठरवावंच लागलं नाही.

तर या भासऱ्यांनी उघडी गाडी घेतली. लग्नसराईत वरातीला भाड्यानं द्यायची, असं कारण होतं. खरं कारण घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. त्यांना स्वतःला तिच्यात बसून बाजारातून जायचं होतं. गाडी विदेशी आहे, मुंबईहून आणली, एका सिनेमात वापरली होती, असं ते पारावर सांगत. कोणत्या सिनेमात, असं कोणी विचारलं की म्हणत, "जुना हाये, तू पाह्यला नसन." मी शिवणारी बाई आहे, मला जोड कुठे मारलाय ते लगेच दिसतं. साध्या चारचाकीचं डोकं कुठल्या तरी गॅरेजात कापून काढलं होतं आणि कापलेली कड झाकायला वरून चकचकीत पट्टी मारली होती. दार लावायचं तर गुडघा द्यावा लागे. विदेशी म्हणे!

आमच्या घरापासून बाजार इतका जवळ की हाक मारली तर ऐकू जावी. भासरे तिथेही गाडीनं जात. वैशाखाच्या उन्हात, टाळक्यावर ओला रुमाल टाकून, हॉर्न वाजवत. आठवडी बाजाराच्या दिवशी गाडी मेथीच्या जुड्या आणि मिरचीच्या ढिगांमध्ये अडकून पडे, पुढे जाईना की मागे येईना, आणि हे गृहस्थ मध्ये बसून लोकांना हात करत. लोकही हात करत. मला त्या लोकांचाही राग येई. समोर हात करायचा आणि पाठ वळली की हसायचं, ही आमच्या गावाची जुनी खोड आहे.

गाडीला घडीचा टप होता. सांगाड्याच्या कमानी मागून ओढून पुढे आणायच्या आणि काचेच्या वरच्या दोन हुकांत अडकवायच्या. पण भासऱ्यांनी तो कधी चढवला नाही, कारण टप चढवला तर आत कोण बसलंय ते कसं कळणार? कापड घडीवर कुजलं, मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडली, आत उंदरांनी संसार थाटला. त्याचं कोणाला काही नव्हतं. मग एका लग्नात अवकाळी आला. परण्या, म्हणजे नवरदेवाची वरात, निघालेला, नवरदेव गाडीत उभा, आणि गारांसकट पाऊस. घाईघाईनं टप ओढला तर तो मधोमध फाटला आणि त्याच्यातून काळं पाणी नवरदेवाच्या फेट्यावरून थेट शेरवानीवर उतरलं. बोहल्यावर तो कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा उभा होता म्हणतात. मुलीकडच्यांनी भासऱ्यांचा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही, पण त्यातला एकही शब्द मला चुकीचा वाटला नाही.

तेव्हा नवा टप करायचं ठरलं, आणि रंगाचा प्रश्न आला.

या प्रश्नावर आमच्या ओट्यावर जी बैठक बसली तशी गावच्या पाण्यासाठी कधी बसली नसेल. भासरे आणि त्यांचे दोन मित्र. एक रिकामटेकडा आणि दुसरा त्याच्याहून रिकामा. मी आतून चहा पाठवत होते आणि ऐकत होते. काळा नको, लग्नाच्या गाडीला काळं चालत नाही, काळ्यामुळेच तर तो प्रकार झाला. पांढरा म्हणजे कफनच. भगवा केला तर एका बाजूचे लोक गाडी नेणार नाहीत, निळा केला तर दुसऱ्या बाजूचे, हिरव्याचं तर नावच काढायला नको. ज्या रंगाचा टप त्याचीच गाडी म्हणतील! गाडी सगळ्यांच्या लग्नाला जायला हवी होती, तिघांपैकी एकाला मात्र सगळ्यांच्या घरचं पाणी चालत नव्हतं. शेवटी रिकामटेकड्यानं तोंडातला पानाचा तपकिरी रस अंगणात टाकला आणि म्हणाला, "कत्थई करा. कत्थई कोनाच्याच बापाचा नाही." ठरलं.

आता शिवणार कोण? बुलढाण्याचा कुशनवाला म्हणाला, मी सीटा करतो, ट्रॅक्टरचं छप्पर करतो, हे असलं मी हातात घेत नाही. जालन्याचा म्हणाला, गाडी इथे सोडून जा, सराई संपली की न्या. गाडी सराईभर जालन्याला सोडायची म्हणजे भासऱ्यांनी बाजारात पायी जायचं. ते त्यांना मरणापेक्षा अवघड.

माझे वडील कुशनवाले होते. चिखलीला त्यांचं दुकान होतं, जीपचे हूड आणि ट्रकच्या गाद्या करायचे, आणि लग्नाआधी मी त्यांच्या मशीनवर बसूनच मोठी झाले. ते गेल्यावर भावांनी दुकान घेतलं आणि जाड शिलाईचं मशीन मला दिलं, कारण ते उचलायला जड आणि भंगारात द्यायला लाज. त्याच मशीनवर मी नवरा गेल्यानंतर लोकांच्या पिशव्या, ताडपत्र्या, झुली शिवल्या आणि मुलीला शिकवलं. भासऱ्यांना इतक्या वर्षांत त्या मशीनचा आवाज फक्त दुपारच्या झोपेआड आलेला आठवत होता. आता त्यांना माझे वडील आठवले. जाऊ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "हे म्हणून राह्यले, तुले येते म्हणे टप शिवता." ते तिच्या मागेच उभे होते.

"येते म्हना," मी म्हणाले.

खरं तर मी नाही म्हणू शकले असते. पण तेव्हा माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. ती बीबी गावाच्या बाजूला तलाठी आहे, मुलगा हिवरा आश्रमाकडचा, माणसं साधी. लग्न धाडलाच, बुलढाणा रोडवरच्या हॉलमध्ये. आणि नवरी घरापासून हॉलपर्यंत याच गाडीतून, बाजारातून मिरवत जाणार, हे भासऱ्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं होतं. नवरीचं हे मिरवणं हल्ली आमच्याकडे नवीन निघालं आहे. आधी नुसता नवरदेव मिरवायचा, आता दोघंही मिरवतात, तेवढीच काय ती स्त्रियांची प्रगती.

मला त्या गाडीचा तिटकारा होता. आणि तरी मला तिच्यात माझ्या मुलीशेजारी बसायचं होतं. दुसरं काही नको होतं मला त्या लग्नात. ती शाळेत असताना तिचे वडील शेतात शॉक लागून गेले, तेव्हापासून तिला मी वाढवलं, आणि ती सजून बाजारातून जाईल तेव्हा तिच्या शेजारी कोणी बसायचं असेल तर ते मी, असं मला वाटत होतं. वाटून काय होतं? मला माहीत होतं काय होणार. नवरा गेला की बाई त्या काळ्या टपासारखी होते. पावसात लागते, लग्नात चालत नाही. शेजारी जाऊ बसणार होती, हेही भासऱ्यांनी जाहीर केलं होतं. ती सवाष्ण.

तरी मी टप शिवला, आणि नीट शिवला. त्यांच्यासाठी नव्हे. माझी पोरगी त्याच्याखाली बसणार होती, आणि हातातलं काम बिघडवायला मला वडिलांनी शिकवलं नव्हतं. जुना टप मी उसवला, एकेक तुकडा धुऊन अंगणात पसरला, त्यावरून नवं जाड कॅनव्हास बेतलं. शिवणीला आतून पट्टी दिली, मागे नवी खिडकी बसवली. सांगाड्यावर ओढून हूक लावला तेव्हा असा ताठ बसला की बोट मारलं तर वाजावा.

तेव्हा मी दारात उभी राहून जावेला सांगितलं, "त्यायले म्हना, टप आता उतरवू नका. पानी मारा अन् असाच तानून उन्हात वाळू द्या. दोन-चार वेळा तसं केलं की मंग घडी घाला. नवं कापड हाये, घडीत ओलं राह्यलं तर आटन." वडील म्हणायचे, कॅनव्हासला पहिलं पाणी ताणून पाजावं. एकदा अंगासरशी वाळलं की मग जन्मभर तुमचं ऐकतं.

जाऊ वळून म्हणाली, "टप उतरवू नका म्हणते. आटन म्हणते."

भासरे माझ्या डोक्यावरच्या पत्र्याकडे बघत म्हणाले, "तिले सांग, शिवाचं काम झालं तुहं. गाडीचं आमाले समजते."

मी एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला मी काही त्यांची आई नव्हे.

संध्याकाळी टपाची पूजा झाली. हो, टपाची! नारळ, लिंबू-मिरच्या, पेढे, सगळं साग्रसंगीत. गल्लीतल्या बायका जमल्या. मी कुंकवाची वाटी घेऊन ओट्यावर आले, सवयीनं, काम माझं होतं म्हणून. जाऊ जवळ आली, वाटी माझ्या हातातून घेतली आणि हळूच म्हणाली, "तू जरा आत थांब. हे म्हणून राह्यले, लग्नाची गाडी हाये." आणि मी रात्रंदिवस ज्या कापडाशी झोंबत होते त्यावर तिनं हळदीकुंकवाची बोटं ओढली. मी आत गेले. चुलीपाशी बसून रडले, आणि रडू आल्याचा मला जास्त राग आला. असल्या माणसांसाठी डोळ्यांतलं पाणी खर्च करायचं म्हणजे उकिरड्याला अत्तर लावणं.

माझी मुलगी त्या दिवशी घरी होती. तिनं पेढा घेतला नाही, हे मी पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी भासऱ्यांनी टप खाली उतरवला. सराई, लोक, बाजार. आत कोण बसलंय ते दिसावं म्हणून टप मागे व्यवस्थित घडी घालून ठेवायचा आणि गाडी रोज पाण्याच्या पंपानं धुवायची. घडीतलं कापड भिजायचं, घडीतच वाळायचं. पुन्हा भिजायचं. मी खिडकीतून ब्लाउज शिवता शिवता बघत होते.

लग्नाच्या दिवशी सकाळी भासऱ्यांनी स्वतः गाडी चालवायची म्हणून गुलाबी फेटा बांधला आणि काळा चष्मा लावला. घरात आरसा एकच, त्यामुळे नवरीला थांबावं लागलं. दारात बॅन्ड उभा, ते दोघे मित्र फुलांच्या माळा लावत होते, आणि भासरे प्रत्येक पाहुण्याला गाडी विदेशी असल्याचं सांगत होते.

मुलगी बाहेर आली. शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली. जाऊ नवी पैठणी सावरत गाडीच्या दाराशी उभी होतीच. मुलगी गाडीत चढली, मागे वळून मला म्हणाली, "आई, ये."

सगळे माझ्याकडे बघू लागले. बॅन्डवालाही, तो तर तालुक्यात सगळ्यात निर्लज्ज समजला जातो.

"मोठी आई बसून राह्यली ना तुह्याजवळ," भासरे म्हणाले.

"मोठे बाबा, आई माह्याजवळ बसन. नाही तं मी स्कूटीवर येतो हॉलवर. चाबी हाये माह्या पर्समध्ये."

तिनं ते आवाज न चढवता सांगितलं, कचेरीत लोकांना सांगते तसं. आणि भासऱ्यांना कळलं की ही खरंच शालू खोचून स्कूटी काढेल. मग बाजारातून कोण जाणार? गुलाबी फेटा आणि रिकामी गाडी! बरं, पोरगी तलाठी, तिला दटावायची सोय नाही. जिच्या सहीसाठी माणसं रांगेत उभी राहतात तिला भासरे पुतणी म्हणून ओरडतील, पण तिच्यासमोर मान खाली घालून. ते मित्रांकडे बघू लागले. रिकामटेकड्यानं तोडगा काढला. या माणसाचे तोडगे म्हणजे घर जळतंय तर खिडकीला पडदा लावा असले. म्हणाला, "टप चढवा ना. आत कोन बसलं ते कोनाले दिसून राह्यलं? हॉलच्या दारात बाई उतरून मांगून येईन."

भासऱ्यांना ते पटलं! माझ्या शिवलेल्या टपाखाली मला लपवून न्यायचं. मुलीनं माझा हात धरून मला आत ओढलं. मी बसले. तोपर्यंत तिघं मिळून मागून टप ओढत होते.

टप आला, कमानी उभ्या राहिल्या, आणि पुढे काचेपाशी येऊन थांबला. टपाची कड आणि काचेवरचे हूक यांच्यात चार बोटांची फट राहिली. त्यांनी जोर केला. एकानं टायरवर पाय देऊन ओढलं, दुसऱ्यानं वरून बुक्क्या मारल्या. भासऱ्यांचा फेटा सुटून खांद्यावर आला. फट तेवढीच. कापड आटलं होतं, आणि आटलेलं कापड कोणाच्या बापाला भीत नाही.

भासरे घामाघूम होऊन जावेवर ओरडले, "तिले इचार, काऊन लागून नाही राह्यला टप?"

मी गाडीत, ते गाडीला टेकून, मध्ये वीतभर जागा. जाऊ पलीकडे उभी. ती काही विचारेना.

"इचार ना वं तिले!"

जावेनं पैठणीचा पदर घट्ट धरला. आयुष्यभर ही बाई त्यांचं माझ्याकडे आणि माझं त्यांच्याकडे नेत आली, स्वतःचं असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. बिनकण्याची बाई, असंच मी तिला मनात म्हणत आले. ती म्हणाली, "तिले काय इचारू? तिनं सांगतलं व्हतं. मी तुमाले सांगतलं व्हतं. तुमी म्हणलं, गाडीचं आमाले समजते."

पाहुण्यांत कोणी तरी हसलं. मग पुष्कळ जण हसले. तोंडावर हसण्याची धाडला सवय नाही, त्यामुळे ते थोडं दबकत हसले, पण हसले.

भासऱ्यांनी टप मागे ढकलून दिला. त्यांनी चष्मा काढला, आणि मग जावेकडेही न बघता, माझ्या बाजूच्या दाराला म्हणाले, "तिले म्हना, उतर खाली. मुहूर्त टळून राह्यला."

मुलीच्या हाताची पकड माझ्या मनगटावर घट्ट झाली. ती बोलणार होती. पण ही तिची गोष्ट नव्हती. मी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला. ऊन थेट केसांवर आलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडे समोरून कधी पाहिलं नव्हतं, आता पाहिलं. म्हातारा झालेला, सुटलेल्या फेट्याचा, घाबरलेला माणूस होता. एवढ्याच माणसाला मी आयुष्यभर पदराआडून भीत आले, याची मला शरम वाटली. काय म्हणून हाक मारायची ते तेव्हाही सुचलं नाही, म्हणून हाक न मारताच बोलले.

"गाडी काढा."

ते जावेकडे बघू लागले, तिनं सांगावं म्हणून. जाऊ जमिनीकडे बघत होती. मी पुन्हा म्हणाले नाही.

त्यांनी गुडघा देऊन दार लावलं, पुढे जाऊन बसले आणि गाडी काढली. त्या दिवशी बाजार होता.